पैसे वाटेत आहेत

लग्नाच्या पंगतीत कोणाला कळलं की ही बाई बँकेत परकीय चलनाच्या टेबलावर होती, की पहिला प्रश्न ठरलेला. "मग, काय म्हणतोय डॉलर? चढणार की उतरणार?" जसा काही डॉलर माझा जावई आहे आणि त्याच्या तब्येतीची खबर रोज माझ्याकडे येते! मी म्हणते, "ते कळलं असतं तर मी आहेराची साडी नेसून इथं जिलबीची वाट बघत बसले असते का?" लोक हसतात आणि लगेच दुसरा प्रश्न येतो, "पण भारी वाटत असेल ना, रोज एवढ्या डॉलरच्या गड्ड्या हाताळायला?"

अहो, कसल्या गड्ड्या! एवढ्या वर्षांच्या नोकरीत डॉलरची नोट हातात आली ती क्वचित. पैसे परदेशी जातात म्हणजे खरं सांगायचं तर काहीच जात नाही. निरोप जातो. इंदूरची शाखा मुंबईला कळवते, मुंबई लंडनच्या किंवा न्यूयॉर्कच्या एखाद्या मोठ्या बँकेला कळवते, आणि ती बँक ज्याला द्यायचे त्याच्या बँकेला कळवते. आपण नाही का विचारत, "कोणी पुण्याला चाललंय का? मावशीकडे तेवढी शेव पोचवायची होती," तसंच. शेव ज्याच्या हातात, त्यानं वाटेत पुडा उघडून बघितला तर काय, ही धास्ती मात्र आमच्या धंद्यात कायमची. कारण वाटेतली प्रत्येक बँक पुडा उघडून बघते. तिला तो हक्क आहे.

मी मुळातली भित्री. गॅस बंद केला का हे दाराबाहेर पडून पुन्हा आत येऊन बघणारी. सासरची मंडळी होळकरांच्या फौजेतली, छत्रीबागेतल्या घराच्या भिंतीवर अजून तलवार टांगलेली आहे. सासरे म्हणायचे, "सूनबाई, या घरात घाबरायची पद्धत नाही." मी म्हणायचे, "बाबा, ती मी माहेरून आणली आहे." आणि अशा बाईला बँकेनं बसवलं कुठं, तर जिथं फोनवर तोंडातून शब्द गेला की सौदा झाला. परत घेता येत नाही. "नाही हो, मी सहज म्हटलं," असं आमच्याकडे कोणी म्हणत नाही. कितीतरी वर्षं मी घरीसुद्धा 'हो' म्हणायच्या आधी क्षणभर थांबायचे, आमचे हे वैतागायचे.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. सोयाबीनची पेंड परदेशी विकणारे एक सेठजी होते. त्यांचे डॉलर यायचे असायचे आणि ते आजच्या भावानं विकावे की थांबावं, याचा घोर त्यांना दिवसभर. दर थोड्या वेळानं फोन. "मॅडमजी, बेच दूँ क्या?" मी म्हणायचे, "सेठजी, मी सांगू शकत नाही." मग एक दिवस ते स्वतःच शाखेत आले आणि माझ्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसले. बोलेनात काही. नुसते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. म्हटलं, "सेठजी, काय झालं?" तर म्हणाले, "कुछ नहीं मॅडमजी, आप अपना काम करो. आपके चेहरे से पता लगा लूँगा." त्या दिवसापासून मी चेहरा मख्ख ठेवायला शिकले. आत कितीही धडधडत असो, बाहेर दगड. मुलगा म्हणायचा, आईचा बँकेचा चेहरा.

आता रॉजरबद्दल सांगायला हवं. ज्या लंडनच्या बँकेमार्फत आमचे पौंडांचे निरोप जायचे, तिथं मला आमच्या बँकेनं काही आठवडे शिकायला पाठवलं होतं. रॉजर तिथला. शाळा सुटल्या सुटल्या बँकेत चिकटलेला इंग्रज, सगळा जन्म परकीय चलनात गेलेला. तरुणपणी तो सौद्यांच्या खोलीत दोन्ही कानांना फोन लावून ओरडत असायचा. एक दिवस तिथंच छातीत कळ आली. डॉक्टरांनी दम भरला, तेव्हा बँकेनं त्याला अडलेल्या पैशांच्या विभागात बसवलं. निरोपात नाव जुळत नाही, पत्ता संशयाचा आहे, असं काही दिसलं की ते पैसे रॉजरच्या टेबलावर येऊन थांबायचे. मग तो प्रश्न विचारायचा. पाठवणाऱ्या बँकेला विचारायचा, घेणाऱ्या बँकेला विचारायचा, आणि उत्तर पटेपर्यंत पैसे हलू द्यायचा नाही. मी नेलेली लौंगवाली शेव त्यानं सूपमध्ये टाकून खाल्ली, डोळ्यांतून घळाघळा पाणी काढलं आणि रुमालानं नाक पुसत म्हणाला, फारच छान. तेव्हापासून आमची ओळख राहिली ती फोनवर. लंडन उघडायचं आपल्याकडे दुपारी, चहाच्या सुमारास, आणि त्याचा फोन आला की मी आधी दिवसभराचे निरोप समोर ओढायचे, कारण रॉजर ख्यालीखुशाली विचारायला कधी फोन करत नसे.

नोकरीच्या शेवटच्या वर्षातली गोष्ट. शाखा नुकतीच उघडली होती. जगदाळे सर आले. जुनी इंदूर भागातल्या शाळेत ते पीटी शिकवायचे, माझा मुलगा त्यांच्याच हाताखाली कबड्डी शिकला. मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाच्या पोराला हाक मारायला त्यांना कधी भोंगा लागला नाही. त्या दिवशी ते समोर बसून बोलले ते मला पुढे वाकून ऐकावं लागलं.

"ताई, बाहेर पैसे पाठवायचे होते. आज जातील ना?"

"कोणाला, सर?"

"केतकीच्या कंपनीला."

केतकी त्यांची एकुलती एक. भंवरकुआं भागात क्लास लावून स्पर्धा परीक्षांच्या मागे तिनं बरीच वर्षं घातली. दर वेळी थोडक्यात हुकायचं. शेवटी कंटाळून कोणा एजंटमार्फत परदेशात कंप्यूटरवरची नोकरी धरली. तेव्हा सर आमच्याकडे पेढे घेऊन आले होते.

"नोकरी सोडून तिला परत यायचंय," सर म्हणाले. "करार मोडला म्हणून भरपाई द्यावी लागते."

त्यांनी पुढे केलेला कागद मी बघितला. कंपनी इंग्लंडमध्ये नोंदलेली, म्हणून रक्कम पौंडांत. खातं दुसऱ्याच देशातल्या बँकेत. आणि केतकी होती तिसऱ्याच देशात. परदेशी पैसे पाठवायला आलेल्या प्रत्येकाला आम्ही दोन गोष्टी विचारायचोच, पैसे कोणाला आणि कशासाठी. तिसरा प्रश्न बँकेच्या नियमात नव्हता, तो माझा होता. तो मी सरांना विचारला.

"तुम्ही या माणसांना चेहऱ्यानं ओळखता का, सर?"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. सरांनी तो झडप घालून उचलला. व्हिडिओ होता. मला समोरून तिरकं दिसत होतं. केतकी खुर्चीवर बसलेली, केस घट्ट मागे बांधलेले, आणि खुर्चीच्या पाठीवर कोणाचा तरी हात. त्या हाताचा माणूस दिसत नव्हता.

"पापाजी, पैसे भेज दीजिए," ती म्हणाली. "आज ही भेज दीजिए. मैं ठीक हूँ."

फोन बंद झाला. सरांनी तो टेबलावर पालथा ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ती मला बाबा म्हणते हो, ताई. जन्मात कधी पापाजी म्हणाली नाही. आमच्या घरात मराठीच चालतं, माझ्या आईची तशी ताकीदच आहे. ती काय बोलते ते त्यांना कळावं म्हणून तिला हिंदीत बोलायला लावतात."

मग सगळं बाहेर आलं. नोकरी नव्हतीच. पासपोर्ट काढून घेतलेला. एका मोठ्या इमारतीत कोंडून ठेवून तिच्याकडून फोनवर लोकांना फसवायचं काम करून घेत होते. ती करत नाही म्हणाली, तेव्हा घरी फोन लावला, सोडवायची असेल तर पैसे पाठवा. कोणाला सांगितलं तर मुलगी दिसणार नाही. सरांनी गावाकडची जमीन विकली होती. एवढं सांगून त्यांनी माझ्या टेबलावर दोन्ही हात जोडले. या माणसासमोर माझा मुलगा ताठ उभा राहायला शिकला होता. मला ते हात बघवेनात.

आमचा मॅनेजर अंकित, चांगला मुलगा, कानपूरकडचा. घरी नुकतंच बाळ झालेलं. मी केबिनचं दार लावून त्याला सांगितलं तर त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "मॅडम, रिजेक्ट कर दो. किडनॅपर को पैसा हम नहीं भेज सकते. झंझट खत्म."

नियमानं तो बरोबर होता. पण बँकेची झंझट खत्म झाली असती, केतकीची थोडीच! मी नाही म्हटलं असतं तर सर गप उठले असते आणि संध्याकाळच्या आत कुठल्या तरी चोरवाटेनं पैसे धाडून मोकळे झाले असते. मग ते कुठं गेले, कोणी घेतले, जगात कोणाला कळलं नसतं. आणि केतकी तिथंच राहिली असती. आणि पाठवले तर? एकदा पैसे देणाऱ्या बापाकडून दुसऱ्यांदा मागणार नाहीत, असं कोण म्हणेल? मी सरांना चहा देऊन बसवून ठेवलं आणि लंडन उघडायची वाट बघत राहिले. घड्याळ पुढे सरकेना.

त्या दिवशी पहिल्यांदा मी रॉजरला फोन केला. त्यानं मध्ये एक शब्द न बोलता ऐकून घेतलं. तो बोलला अर्थात इंग्रजीत, मी माझ्या भाषेत सांगते.

"पाठव," तो म्हणाला. "आणि बँकेनं बँकेला सांगायच्या ओळीत सगळं खरं लिही."

ही ओळ म्हणजे काय ते सांगते. आमच्या निरोपात एक जागा अशी असते की तिथं एक बँक दुसऱ्या बँकेला जे सांगायचं ते सांगते. गिऱ्हाइकाला जी प्रत मिळते तिच्यावर ती ओळ छापली जात नाही. प्रतीवर नाव, खातं, रक्कम, तारीख, एवढंच. म्हणजे सर ती प्रत त्या लोकांना दाखवू शकले असते की बघा, पैसे निघाले. आणि लंडनला ती ओळ वाचून रॉजर ते पैसे स्वतःच्या टेबलावर थांबवणार होता.

"थांबवून?" मी विचारलं.

"प्रश्न विचारायचे. माझं कामच ते आहे. त्यांच्या बँकेमार्फत विचारीन, कंपनीची जागा कुठं आहे, पुरावा द्या. पैसे समोर दिसत असताना हात आखडता घेणारा लबाड मी अजून बघितला नाही. कागद देतील. एक खरा कागद मिळाला की इमारत सापडेल. मी इकडच्या पोलिसांना कळवतो, तू तिकडच्या. आणि त्या बापाला आधी सगळं सांग. त्याच्या मुलीच्या जिवाशी गाठ आहे, त्याला न विचारता आपण काही करायचं नाही."

मी सरांना सांगितलं. शब्द फिरवले नाहीत.

"म्हणजे पैसे पोचणारच नाहीत?"

"नाही, सर."

"आणि त्यांना कळलं तर?"

मी त्यांचा रिकामा कप उचलून बाजूला ठेवला.

"पैसे पोचले तर सोडतील तिला?"

"मला नाही वाटत."

"वाटत नाही की माहीत आहे, ताई?"

"माहीत नाही, सर. वाटत नाही."

सर उठले, कोपऱ्यातल्या पाण्याच्या मशीनपाशी गेले. पेला भरून घेतला. निम्मं पाणी इस्त्रीच्या शर्टावर सांडलं. पाठ माझ्याकडे करून त्यांनी शर्ट रुमालानं टिपला. परत आले, खुर्चीत बसले नाहीत. म्हणाले, "पाठवा."

आमच्याकडे एकट्याच्या सहीनं काही जात नाही. एकानं निरोप लिहायचा, दुसऱ्यानं तपासून सोडायचा. मी लिहिला. त्या ओळीत लिहिलं की पाठवणाऱ्याची मुलगी कोंडलेली आहे आणि हे पैसे कोंडणाऱ्यांनी मागितलेले आहेत, लंडनच्या बँकेशी बोलून हे पाठवत आहोत. मग अंकितकडे गेले. त्यानं वाचलं.

"मॅडम, मेरी नौकरी जाएगी."

"माझी पण जाईल."

"आपका तो रिटायरमेंट ही है, यार!" बिचाऱ्याच्या तोंडून निघून गेलं आणि तो लाजला. मग स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "उनकी एक ही बेटी है?" मी हो म्हटलं. त्यानं मुख्य कचेरीला फोन लावला, वरच्या साहेबांशी बराच वेळ हुज्जत घातली, दोनदा घाम पुसला आणि बटण दाबलं. सर तिथूनच पोलिसांच्या सायबर सेलला गेले. मी सोबत गेले. जिना मीच सरांचा हात धरून चढले. आधार द्यायला म्हणून मी गेले होते, बघा!

दुसऱ्या दिवशी रॉजरचा पहिला प्रश्न गेला. कंपनीचा पत्ता द्या. उत्तर लगेच आलं. रॉजरनं तपासलं तर त्या पत्त्यावर कपडे धुऊन द्यायचं दुकान निघालं. आणि इकडे सरांना फोन आला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी शाखेत येऊन ते गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले आणि मला खुणेनं बोलावलं. "आज तिचा गाल सुजला होता," ते म्हणाले. "त्यांनी मुद्दाम तिला कॅमेऱ्याजवळ आणून दाखवलं. पैसे कुठं अडकले विचारत होते."

मला ते कळायला एक क्षण लागला. आम्ही इथं प्रश्न विचारायचा आणि त्याचा राग तिथं केतकीवर निघायचा. लंडनच्या गुळगुळीत कागदावरचा एक साधा सरकारी थाटाचा प्रश्न, आणि तिकडे एक मार. मी घरी जेवले नाही. आमचे हे म्हणाले, सोड ना आता, पोलीस बघतील. मी एवढी ओरडले त्यांच्यावर की शेजारचे दारात आले.

रॉजरचा फोन आला. "आता काय मागू? भाडेकरार मागितला तर खोटा बनवतील."

आणि मी म्हटलं, "विजेचं बिल माग."

त्याला समजेना. म्हटलं, अरे बाबा, आमच्या देशात सिमकार्डापासून गॅसच्या नळीपर्यंत काहीही घ्यायला गेलं की विजेचं बिल लागतं. बनावट करार कोणीही करील, पण बिल घरात पडलेलं असतं, माणूस तेच उचलून देतो. ती माणसं हिंदीवाली, आपल्याच बाजूची आहेत, त्यांच्या अंगात ही सवय असणार. कंपनीच्या नावाचं नसलं तरी चालेल म्हणावं, जिथं काम चालतं त्या जागेचं द्या.

रॉजरनं ते लिहून घेतलं. मग त्यानं विचारलं, "प्रश्न गेला की तिकडे काय होतं, तुला ठाऊक आहे ना?"

"आहे."

"मग विचारू?"

माझ्या डोळ्यांसमोर तो सुजलेला गाल आला. मी तो बघितलेला नव्हता, पण आला.

"विचार," मी म्हटलं.

पुढच्या दिवशी त्या लोकांनी सरांना सांगितलं की बँकेतून व्हिडिओ लाव, आम्हाला बँकवाली बघायची आहे. सरांनी फोन माझ्यासमोर धरला. पडद्यावर एक तरुण, चांगला चेहरा, दाढी कोरलेली, आमच्या शाखेत कर्ज मागायला आला असता तर मी बसा म्हटलं असतं.

"मैडम, पैसा किधर है?"

"रास्ते में है, भाईसाहब," मी म्हटलं. माझा तो मख्ख चेहरा त्या दिवशी कुठून आला, मला ठाऊक नाही. "लंदनवाले बिजली का बिल माँग रहे हैं. आप दे दीजिए, मैं खुद फॉलोअप करती हूँ."

"आप लोग कागज बहुत माँगते हो."

"क्या करें भाईसाहब, ऊपर का नियम है. हम तो खुद परेशान हैं."

"बिल किसी के भी नाम का चलेगा?"

"जगह का होना चाहिए. बस."

त्यानं मान वळवून कोणाला तरी काही सांगितलं. मग त्याच्या मागून एक आवाज आला. किंकाळी म्हणावी तर ती अर्धीच होती, मध्येच दाबलेली. त्यानं मागे बघितलंसुद्धा नाही. "ये देरी का है, मैडम," तो मला म्हणाला, अगदी शांतपणे, आणि फोन बंद केला.

सर बाकावर खाली बसले. मी टॉयलेटमध्ये जाऊन नळ मोठा सोडला आणि तोंडात पदर कोंबला. मीच मागितलं होतं ते बिल. दुसरं कोणी नाही.

बिल आलं. स्वच्छ स्कॅन केलेलं, मीटरचा नंबर, इमारतीचं नाव, गल्ली, सगळं. कोणा अकाउंटंटनं नेमून दिलेलं काम मनापासून केलं होतं. रॉजरनं ते जिथं द्यायचं तिथं दिलं, इंदूरच्या पोलिसांनी वकिलातीला कळवलं. आणि मग काहीच झालं नाही. रोज सर येऊन बाकावर बसायचे, रोज त्या लोकांचा फोन, रोज मी सांगायचे, रास्ते में है. अंकित येता-जाता सरांसमोर चहाचा कप ठेवून जायचा. माझा डोळ्याला डोळा लागत नव्हता. केव्हा तरी त्यांना शंका येईल आणि एक दिवस फोन यायचाच बंद होईल, एवढं एकच मनात.

आणि खरंच एका सकाळी फोन आला नाही. दुपार झाली तरी नाही. सर बाकावर ताठ बसलेले, मांडीवर फोन. माझ्या हातून कामं चुकायला लागली. शाखा बंद व्हायच्या वेळेला फोन वाजला. अनोळखी नंबर. सरांनी कानाला लावला आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, संपलं.

"बाबा," पलीकडून आवाज आला, तो मलाही ऐकू आला. "मी बोलतेय, बाबा. मी पोलिसांबरोबर आहे. मला घरी यायचंय."

मराठीत बोलत होती ती.

रॉजरला मी कळवलं. तो म्हणाला, सरांचे पैसे परत पाठवतो, कोणत्या कारणाखाली दाखवू? एवढंच. आमच्या धंद्यातली माणसं अशीच.

केतकी आली. पण तिचं अंग भरायला आणि ती घराबाहेर पडायला वेळ लागला. माझी नोकरी संपल्यानंतर एका दुपारी ती एकटीच छत्रीबागेत आमच्याकडे आली. मी समोरच्या खुर्चीकडे हात केला तर म्हणाली, "काकू, मी या बाजूला बसते. डाव्या कानानं मला आता ऐकू येत नाही." मी चहा केला. तिनं कप हातात घेतला, प्यायली नाही.

"काकू, ते बिजलीबिल कोणी मागायला लावलं होतं? बाबा सांगत नाहीत."

तिच्या डाव्या कानाकडे बघायचं मी टाळत होते. "मी," मी म्हटलं.

तिनं कप दुसऱ्या हातात घेतला. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तरी मी ऐकून घेतल्या असत्या. रडली असती तर मीही रडले असते.

"आधी एक जण मला पट्ट्यानं मारायचा," ती म्हणाली. "बिल मागितलं त्या दिवशी त्याच्या हातात दुसरं काहीतरी होतं." मग कप खाली ठेवला. "माझ्या खोलीत आणखी दोघी होत्या, काकू. त्यांच्या घरच्यांचे पैसे लगेच पोचले. ज्यांचे पोचायचे त्यांना दुसऱ्या टोळीला विकायचे, म्हणजे ते लोक पुन्हा नव्यानं मागायला मोकळे. पोलीस आले तेव्हा खोलीत मी एकटीच होते. माझे पैसे वाटेत होते ना, म्हणून मला ठेवलं होतं."

ती म्हणाली, "त्यातली एक देवासची आहे. तिच्या घरचा नंबर तिनं माझ्याकडून पाठ करून घेतला होता. मला फोनवर बोलायला जमत नाही, पलीकडून पुरुषाचा आवाज आला की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. तुम्ही लावता?"

तिनं नंबर सांगितला, मी लावला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत कोणीतरी उचलला. मी अजून नमस्कारसुद्धा म्हटलं नव्हतं.

"हाँ साहब, भेज रहा हूँ साहब," पलीकडचा म्हातारा माणूस एका दमात बोलत सुटला. "बैंक में ही खड़ा हूँ. बस मेरा नंबर आ रहा है. उसको हाथ मत लगाना, साहब."

म्हाताऱ्याचा आवाज केतकीलाही ऐकू गेला. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"बोला ना, काकू," ती म्हणाली. "त्यांना सांगा, नका पाठवू."